मिठ्या मारून झाल्यावर

—नको, त्या खुर्चीवर नको, तिचा मागचा पाय माझ्या गुडघ्यासारखा झालाय, कधी दगा देईल सांगता येत नाही. ही घ्या, खिडकीजवळची. टोपी ठेवा टोस्टरवर, चालतं, तो बंदच पडलाय. आणि हा ओव्हनमधून काढलेला गोड कॉबलर खाल्ल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाहीये, आधीच सांगते. पीच ताजे आहेत, झाडावर पिकलेले, दुकानातले दगड नाहीत. खा. चमचा घ्या की काटा? बरं, काटा. इतकी वर्षं झाली, या टेबलाशी तुमच्यासारखी माणसं येऊन बसतात — बेसबॉलचे खेळाडू पारखणारी, स्काउट मंडळी — आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य तेच, 'मिस ओपल, जवळूनच चाललो होतो, सहज डोकावलो.' सहज! अहो, या गावाच्या जवळून कोणी कुठे जात नाही. रस्ता इथेच संपतो. तुम्ही आलात ते विल्मरची चौकशी करायला, उद्या संध्याकाळी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपतेय, आणि तुमच्या साहेबांनी सांगितलंय, पोरगा ज्या घरात राहतो तिथल्या बाईला विचारून ये, कसा आहे, वेळेवर झोपतो का, पितो का, मुलींच्या मागे आहे का. हो ना? मग तसं सरळ विचारावं. मला राग नाही येत. राग यायला अंगात जोर लागतो.

तर हिशेब असा — मी सांगते, चुकलं तर तुम्ही सांगा — आमच्या मोठ्या लीगमधल्या संघाला तुमचा तो उजव्या कुंपणाकडचा, राइट फील्डवाला हवाय, क्रिडल, आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला आमचे चेंडू फेकणारे दोन कोवळे पिचर हवेत. आणि ते दोघेही नेमके माझ्याच माडीवर राहतात, टकर आणि विल्मर. नाही नाही, तुम्ही 'हो' म्हणू नका, तुमची नोकरी जायची. नुसता काटा हलवा. रेडिओवाल्याला माहीत आहे, न्हाव्याला माहीत आहे, चर्चमध्ये पास्टर प्रार्थना सांगता सांगता मध्येच थांबून माझ्याकडे बघत होता. टकरचं ठरल्यातच जमा आहे, तो उंच, गोरा, नेब्रास्काचा, ताशी इतक्या मैलांनी फेकतो की मोजणारं यंत्रच लाजतं, त्याच्याबद्दल कोणी मला काही विचारत नाही. आत्ताही तळ्यावर मासे धरायला गेलाय, त्याला काही पडलेलं नाही. अडलंय ते विल्मरपाशी. आता मला विचाराल तर — विचारत नाही आहात, पण सांगते — सौदा वाईट नाही. आमच्या क्लबच्या बाजूने बघा. यंदा त्या राइट फील्डमध्ये त्यांनी कोणाकोणाला उभं करून पाहिलं! एकाच्या डोक्यावर टप्पा घेऊन चेंडू कुंपणाबाहेर गेला, मी स्वतः टीव्हीवर बघितलं, माझ्या हातातला चहा सांडला. क्रिडल काही मोठा फटकेबाज नाही, मान्य. पण धावतो, पकडतो, कुंपणापासून सरळ घरच्या बेसवर फेकतो, आणि मुख्य म्हणजे स्वस्त आहे. अजून चार मोसम ठरलेल्या पगारावर बांधलेला. असा माणूस मागून मिळत नाही. आणि पिचर? कोवळ्या पिचरांचं म्हणजे माझ्या परसातल्या टोमॅटोच्या रोपांसारखं आहे — लावायची मारे ओळभर, एकाला अळी लागते, एक वाऱ्याने मोडतं, आणि ऑगस्टमध्ये सँडविचपुरते दोन हाती लागतात. म्हणून दोन द्यायचे आणि एक पक्का घ्यायचा. मी त्यांच्या साहेबाच्या जागी असते तर दिले असते. आणि तुमच्या जागी असते तर घेतले असते. मग अडलंय कुठे? — अडलंय या टेबलावर, हो ना? मी काय बोलते त्यावर.

शनिवारचं ऐकलं असेलच तुम्ही. ऐकलं नाही? अहो, मग काय ऐकलंत! शनिवारी विल्मर फेकत होता, चार डाव झाले, एकाही पोराला धड बॅट लावता आली नव्हती, आणि मॅनेजर आला आणि त्याने चेंडू काढून घेतला. बस म्हणाला, बाहेर. आता तुम्हाला काय सांगायचं, तुमचाच धंदा — जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बरा चाललेला पोरगा मध्येच बाहेर काढला की त्याचा अर्थ एकच. सौदा झाला. माल हातावेगळा होईपर्यंत तडा जायला नको म्हणून काढतात. कोणी काही बोलत नाही, पण पहिला उठून मिठी मारतो, मग दुसरा, मग सगळी रांग. तसंच झालं. कॅचर तर रडला — त्या पोराचे खांदे बैलासारखे आहेत आणि हमसून हमसून रडला. विल्मरने आपला काळा चष्मा कोणाला तरी देऊन टाकला, च्युइंग गमचा डबा कोणाला दिला, सगळं वाटून मोकळा. मी तिकडे कुंपणापाशी, मला वाटलं आता काय, माझी पाळी, मीही कुंपणावरून त्याच्या गळ्यात पडले, माझी पर्स त्याच्या नाकावर आपटली. आणि मॅनेजर पाणी पिऊन परत येतो तो बघतो तर स्मशानातून आल्यासारखी सगळी तोंडं. म्हणतो, अरे काय चाललंय? फेकून फेकून थकला होता म्हणून काढला त्याला, बसा खाली! मला कोणाचाही फोन आलेला नाही!

हसताय? हसा. मीही हसले असते. पण मारलेली मिठी परत कशी घेणार, सांगा. कॅचरला तोंड लपवावं लागतंय. चष्मा ज्याला दिला तो म्हणतो, ठेवू का परत देऊ? आणि हा पोरगा — मॅनेजर परत येईपर्यंत याने तिथेच माझ्याजवळ, कुंपणापाशी उभं राहून आईला फोन केलेला. माराकाइबोला, व्हेनेझुएलात. आई, मला मोठ्या संघाने मागितलंय. तिकडे गल्लीत आरडाओरडा झाला, कोणीतरी कोंबडी कापली, चुलत्याने गाणं लावलं, फोनमधून मला ऐकू येत होतं. आणि मग रविवारी फोन नाही. आजही नाही. बॅग भरलेली आहे, जिन्याच्या खाली, येताना अडखळलात ना तीच. उघडत नाही. म्हणतो, सेन्योरा, उघडली तर बिनसेल. त्यातच त्याचे सगळे मोजे आहेत, म्हणून कालपासून माझ्या नवऱ्याचे, अर्लचे मोजे घालतोय, मेलेल्या माणसाचे, त्याला सांगितलं नाही मी. आज सुट्टी, सामना नाही, तर सकाळपासून पुढच्या पायरीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसलाय. तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा कसा ताडकन उठला, बघितलंत? तुमच्या टोपीवरचं चिन्ह बघितलं त्याने.

काय म्हणालात? वेग कमी झाला होता शनिवारी? कोणी सांगितलं? — तिसऱ्या-चौथ्या डावात. असेल, मला नाही कळत ते आकडे. ऊन काय होतं शनिवारी! माझ्या शेजारची बाई उठून सावलीत गेली. उन्हाने नाही का माणूस ढिला होत? अजून घ्या ना. थांबा, कडेचा देते, कडेचा कुरकुरीत असतो.

मला तो जावा असं वाटतं का — हे विचारलं नाहीत तुम्ही, पण तुमच्या तोंडावर दिसतंय. खरं सांगू? नाही वाटत. असा पोरगा या घरात आला नव्हता. पहिल्या दिवशी सगळ्यांसारखाच आला, कानात वायरी घालून, मान खाली. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर ओट्याशी उभा राहून मक्याचं पीठ मळतोय, अरेपा करायला, जाडजूड भाकऱ्या त्या, आणि पहिली मला वाढली. अर्ल गेल्यापासून या घरात मला कोणी वाढलं नव्हतं हो. मी तिथेच रडले, आणि त्याला वाटलं मीठ जास्त झालं. तर नाही, जावा असं नाही वाटत. पण जायला हवं. इथे आमच्या क्लबात त्याच्या पुढे किती जण उभे आहेत — सगळे डावखुरे, सगळ्यांना मोठमोठे बोनस दिलेले, त्यांनाच आधी वर नेणार. हा इथे कुजेल. तुमच्याकडे पिचरच नाहीत, राग मानू नका, पण नाहीत, मी निकाल बघते ना रोज. तुमच्याकडे गेला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वर जाईल, मोठ्या मैदानावर, दिव्यांखाली. त्याची आई बघेल. म्हणून मी हा कॉबलर केला, कळलं? मी तुम्हाला लाच देतेय. सरळ सांगते. तशी मी दमले आहे. दर वर्षी म्हणते हे शेवटचं. पोरं येतात, चादरी घाण करतात, जेवतात, जीव लावतात आणि जातात, आणि मग दोन दिवसांनी मी ती चादर धुवायला काढते आणि मशीनपाशी उभी राहते. टकर गेला तर बरं वाटेल, तो टॉयलेटचं झाकण कधी खाली करत नाही. पण हा गेला की मग मी कोणाला ठेवणार नाही. दारावरचा 'खोली मिळेल' हा फलक काढून टाकीन.

स्वभाव ना? तेच विचारायला आलात. सोनं आहे. पीत नाही. एकदा टकरने पाजली तर रात्रभर येशूची माफी मागत होता. मुली — एक आहे, तिकडे, तिच्याशी फोनवर बोलतो, बोलतो म्हणजे ती ओरडते आणि हा ऐकतो. आणि शिस्त? अशी शिस्त मी कोणात बघितली नाही. मी लहान लहान गोष्टी बघते, तुम्ही मैदानावर बघता, मी इथे ओट्यावर बघते. तो आपल्या डाव्या हाताला फुलासारखं जपतो. खोटं नाही सांगत. सामानाच्या पिशव्या उजव्या हातात. बरणीचं झाकण उजव्याने. परवा तर बघते, दात घासतोय तेही उजव्या हाताने, फेस सगळा शर्टावर! म्हटलं, अरे डावखुरा ना तू? तर म्हणतो, सेन्योरा, तो हात कामाचा आहे, त्याला सुट्टी. बघा, इतका विचार! टकर मला बोलिंगला घेऊन जातो आणि फेकायच्या त्याच हाताने ते जड गोळे टाकतो. आणि हा आता पीठ मळतो तेही उजव्या हाताने, डावा नुसता मांडीवर ठेवून. अरेपा वाकड्या होतात, पण होतात.

हो, हल्लीच. आधी नाही, आधी दोन्ही हातांनी मळायचा, धपाधप. हल्लीच शिस्त वाढलीय. मोठा होतोय ना. — कधीपासून? काय बाई, तारीख कशी सांगू... स्वातंत्र्यदिनाचे फटाके झाले, चार जुलैला, त्याच्या पुढे मागे. का? आणि बर्फ! बर्फाचं सांगायचं राहिलंच. पिचर सगळे बर्फ लावतात, माहीत आहे मला, सामना झाला की कोपराला बर्फ बांधून बसतात, नवं काय. पण ते मैदानावर, फेकल्यानंतर. हा घरीही लावतो, रोज, सुट्टीच्या दिवशीही. माझ्या फ्रीजरमध्ये वाटाण्याची पिशवी आहे, ती आता वाटाण्याची राहिलीच नाही, ती विल्मरच्या कोपराची. इतक्या वेळा गोठून वितळून गोठलेली की आतल्या वाटाण्यांचा गोळा झालाय. रात्री जेवणं झाली की ओट्यापाशी बसतो, कोपराच्या आतल्या बाजूला ती धरतो आणि मला व्हेनेझुएलातल्या डुकरांच्या गोष्टी सांगतो. मी म्हटलं, अरे क्लबचा दुखणी बघणारा माणूस आहे ना तिकडे, चांगल्या बर्फाच्या पट्ट्या आहेत त्याच्याकडे. म्हणतो, नको, त्याला कशाला त्रास. टकरला पण सांगू नका सेन्योरा, तो चिडवतो. इतका भिडस्त पोरगा!

आणि मैदानावर कसा हो, फुलपाखरू पकडावं तसा चेंडू पकडतो, आणि घरात — माझी निळी कपबशी, अर्लच्या आईची, त्याच्या हातून पडली. खळ्कन. गेल्या आठवड्यात चमचा पडला, मग मिठाची बाटली. मी चिडवते त्याला, तुझ्या बोटांना लोणी लावलंय का? तर तो बोटं झटकतो अशी, अशी, आणि हसतो, म्हणतो, झोपली, सेन्योरा, मुंग्या आल्या. मी म्हटलं, अरे मला येतात मुंग्या, म्हातारीला, तुला कसल्या —

काय? कुठली बोटं?

ही. शेवटची दोन. करंगळी आणि तिच्या शेजारची.

तुम्ही काटा का खाली ठेवलात? कुरकुरीत आहे ना, कडेचाच दिला. पीच कच्चा लागला का? — अहो, मी विचारतेय. कुठली बोटं असं का विचारलंत? बोट म्हणजे बोट. झोपतात बोटं. हातावर डोकं ठेवून झोपतो तो, उशी नको म्हणतो, हातावरच, मग झोपणारच ना बोटं. मी बघितलंय त्याला सोफ्यावर. आणि कप — तो कप मीच काठावर ठेवला होता. हो, मीच. साबण होता त्याला. आणि वाटाणे, वाटाण्यांचं मी सूप करते, खोटं वाटत असेल तर उघडा फ्रीजर, आहे तिथे पिशवी... नाही, नका उघडू. बसा. बसा ना जरा.

माझं ऐका. ती उजव्या हाताची गोष्ट मी वाढवून सांगितली. मला गोष्टी वाढवून सांगायची खोड आहे, गावात विचारा कोणालाही. मला वाटलं तुम्हाला आवडेल. शिस्त आवडते ना तुम्हा लोकांना? मी तर त्याचं चांगलंच सांगत होते. चांगलंच सांगत होते ना मी? सकाळी उठून ओव्हन लावला, या गरमीत, म्हटलं चार चांगले शब्द पडले माझ्या तोंडून तर — आणि तुम्ही काय ऐकलंत त्यातलं? तेवढंच ऐकलंत? अरेपाचं नाही ऐकलं?

कोपर आतून गेला की हीच दोन बोटं झोपतात म्हणता? मग हात... कापतात का तो? कोपराला चिरा देतात ना, दुसरीकडची शीर काढून तिथे बांधतात, वर्ष-वर्ष जातं. बिली हार्करचा कापला होता, माझ्याच माडीवर होता तो. परत फेकायला लागला कधी? नाही लागला. नाही, त्याचं वेगळं होतं. त्याचं वेगळं होतं म्हणा की हो.

फोन ठेवा खाली. एक मिनिट. गाडीत बसून करा, इथे नको, त्याला ऐकू जातं, ही खिडकी उघडी आहे. तुमच्या साहेबांना काय सांगणार? — बोलू नका, कळलं. तुमची नोकरी आहे. तुम्ही न सांगता त्याला घेतलंत आणि उद्या तो कोपर गेला, तर तुमच्या घरचं कोण बघणार. कळतंय मला. मी काही लहान नाही. आमचा क्लब मग याच्याऐवजी दुसरा कोणी देईल, तुमचा क्रिडल येईल इकडे, कुंपणापाशी चेंडू पकडेल, टीव्हीवर छान दिसेल. आणि उद्या सकाळी इथेही कोणीतरी येईल, विल्मरला आत बोलवायला, हात बघायला. तुमच्याकडून आमच्याकडे कळायला कितीसा वेळ लागतो.

टोपी घ्या. टोस्टरवर आहे. नाही, पुढून जाऊ नका. पुढे पायरीवर तो बसलाय, तुमचं तोंड बघितलं की त्याला कळेल, तुमचं तोंड काही झाकत नाही. इकडून जा, मागच्या दाराने, टोमॅटोच्या कडेने, फाटक ओढून घ्या तेवढं. तो विचारेल मला, सेन्योरा, काय म्हणाले? मी सांगेन, कॉबलर आवडला म्हणाले. जा आता. जा म्हटलं ना!